कुंभार्ली घाटात एसी चालू ठेवायचा की बंद?

चिपळूणची_लेक:

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. पण यावरून आमच्या घरात आठ दिवस दोन पक्ष पडलेत, तेव्हा निकाल लावाच.

मी पुण्यात राहते, माहेर चिपळूण. बारा वर्षं एक छोटी गाडी चालवली. तिच्या एसीला तीन खुंट्या होत्या. एक थंड-गरमची, एक पंख्याची आणि एक झोत कुठे मारायचा त्याची. यंदा मार्चमध्ये जरा मोठी गाडी घेतली, सेकंडहँड. हिच्यात खुंट्या नाहीत, आकडे आहेत. ‘ऑटो दाबा, २४ लावा, पुढचं गाडी बघते,’ असं विकणाऱ्याने सांगितलं आणि किल्ली हातात दिली. गाडी कशी वापरायची त्याचं पुस्तक गाडीत नव्हतंच.

गेल्या शनिवारी आईला चिपळूणला सोडायला निघाले. मी, आई, नववीतला मुलगा आणि आईची तीन बोचकी. उंब्रजला वळेपर्यंत नुसती रिपरिप. पाटणला चहाला उतरलो तेव्हा मात्र असा कोसळला की टपरीपर्यंत जाऊन येण्यात तिघंही भिजलो. आई म्हणाली भजी गाडीतच खाऊ. म्हणजे आत तीन ओल्या छत्र्या, मुलाचे पाणी भरलेले बूट, आईचा ओला पदर आणि मधोमध कांदाभज्यांचा वाफाळता पुडा. हेळवाक मागे पडलं, घाट लागला आणि समोरची काच ताकासारखी पांढरी!

हळूहळू वगैरे नाही, दोन वळणांत. पुढे एसटी होती, तिचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. मुलगा टॉवेलने पुसतोय, त्याच्या पाठोपाठ परत धरतंय. मी दिसेल ते बटण दाबलं. काचेचं चित्र असलेलं दाबलं, पंखा पूर्ण केला आणि आकडा खाली खाली नेत ‘लो’वर आणून ठेवला. काच साफ झाली, पण आई शाल गुंडाळून कुडकुडायला लागली. तसंच दात वाजवत घाट उतरलो.

पोफळीच्या आसपास पाऊस थांबलेला, दमट उकाडा, आणि काच परत पांढरी. मुलाने पुसली, जाईना. मी गाडी कडेला घेऊन पुसली, तरी जाईना. मला खरंच वाटलं की दोन काचांच्या मध्ये पाणी शिरलं. शेवटी वैतागात वायपरच्या दांडीला हात लागला आणि एका फटक्यात लख्ख. दहा सेकंदांनी पुन्हा पांढरी.

भावाचं म्हणणं, पावसात एसी लावतेस कशाला, बंद ठेव. रविवारी परतताना त्याचं ऐकलं. शिरगाव सोडून घाट चढायला लागलो, एसी बंद केला, आणि एका मिनिटाच्या आत काच आतून पांढरी झाली. नवरा म्हणतो एसी बंद करायचाच नाही. भाऊ म्हणतो तुझी गाडीच खराब.

शिवाय एक जोडप्रश्न. ऊन असलं की २४वर गाडी गार होतच नाही, २० करावं लागतं. रात्री तेच २४ अगदी बरोबर वाटतं. मग ‘ऑटो’ म्हणजे नक्की काय करतं?

पद्मिनीवाले_काका:

आमच्या जुन्या पद्मिनी गाडीला पुढच्या दारात त्रिकोणी काच होती. ती फिरवली की वारा थेट छातीवर. पावसात उजवी बाही भिजायची, पण समोरचं दिसायचं. त्रिकोणी काच काढली आणि कॉम्प्युटर बसवला. भोगा.

दहाचाकी:

ताई, वायपर बंद पडला असता तर इलाज सांगितला असता. तंबाखू. चिमूटभर ओली करून बाहेरून काचेवर चोळायची, पाणी थेंब धरत नाही, सपाट पसरतं. मी असा अख्खा खंबाटकी उतरलोय, मागं पंचवीस टन कांदा. कुणी बटाटा कापून चोळतं, तोही चालतो. पण हे बाहेरच्या पावसाचं औषध आहे. आतल्या वाफेवर तंबाखू चोळाल तर काच पिवळी होईल आणि आई शिंका देत बसेल.

आमच्या गाडीत एसी नव्हता, दोन्ही काचा चार बोटं खाली आणि मांडीवर फडकं, बस. आता १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. तेव्हा आमची पोरंही हाच प्रश्न विचारणार. जाणत्याने नीट लिहा, मीही वाचतोय.

गारगोटीकर:

ताई, मी गारगोटीत गाड्यांच्या एसीचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली. आमच्या चौफेर घाट. फोंडा, आंबोली, गगनबावड्याचा करूळ. जून ते सप्टेंबर दर दोन दिवसांआड एक गाडी हेच गाऱ्हाणं घेऊन दारात उभी असतेय, आणि दहातल्या आठ गाड्यांत बिघाड काहीच नसतोय. तुमचा भाऊ पण बरोबर, मालक पण बरोबर. दोघंही निम्मे निम्मे.

बटणाला हात लावायच्या आधी काचेला बोट लावा. आतून एक रेघ ओढा. उमटली तर वाफ आत हाय. नाही उमटली तर बाहेर, गप वायपर मारा. तुमचं पोरगं पोफळीत आतनं पुसत बसलं होतं आणि वाफ बसली होती बाहेर. टॉवेल झिजला असता तरी गेली नसती.

आता हे का होतंय ते बघा. फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतून ठेवलं की तांब्याला बाहेरनं घाम येतोय. ते पाणी तांब्यातनं झिरपत नाही, हवेतलं असतंय. भांडं हवेपेक्षा पुरेसं गार पडलं की हवेतली वाफ त्याच्यावर धरते. हवा जेवढी दमट तेवढं लवकर.

घाटात वर गारठा. बाहेर २० अंशांच्या आसपास, आणि पाऊस काचेवर बादलीनं ओततोय. काच गार. आत तुम्ही तिघं. माणूस गप बसला तरी तासाला दोन-तीन मोठे चमचे पाणी श्वासातनं आणि अंगातनं हवेत सोडतो. त्यात छत्र्या, बूट, पदर. आणि भजी! ताई, तुम्ही गाडीत इडलीपात्र लावून घाट उतरला. आत दमट, काच गार, घाम आतल्या बाजूनं आला.

तुम्ही काचेचं बटण दाबलं ते शंभर टक्के बरोबर. लोकांना वाटतंय एसी म्हणजे गारवा. आमच्या धंद्यात एसी म्हणजे आधी सुकवणं. कूलिंग कॉइल, म्हणजे गार नळ्यांची जाळी, शून्याच्या चार-पाच अंश वर असते. हवा तिच्यावरनं गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर धरतंय आणि नळीवाटं गाडीखाली टपटप गळतंय. गाडी थांबल्यावर खाली थारोळं बघून लोक घाबरून माझ्याकडं येतात ते हेच पाणी. ते गळतंय तोवर खुशाल राहा. उन्हाळ्यात चार महिने गळून पावसाळ्यात गळायचं बंद झालं आणि डाव्या सीटपुढची पायाखालची मॅट ओली लागली, तर या. नळीत माती बसलेली असते.

चूक कुठं झाली? ‘लो’ केलं तिथं. घाट संपेपर्यंत पाच-सात अंशांचा झोत सरळ काचेवर. काच बर्फ झाली. खाली उतरलात. तिथं २६-२७ अंश, आणि हवा अशी की पिळली तर पाणी निघावं. असल्या हवेत काच २५च्या खाली गेली की बाहेरनं घाम फुटतोय. तांब्या तोच, फक्त आता गार पाणी आतल्या बाजूला.

भावाचं ऐकून बंद केला तेव्हा काय झालं तेही सांगतो. त्या घडीला कॉइल ओलीचिंब असते. कॉइल गार ठेवणारा पंप, तो कॉम्प्रेसर, बंद आणि पंखा चालू, म्हणजे कॉइलवरचं पाणी परत हवेत, हवेतनं काचेवर. ओल्या चादरीवर पंखा सोडून समोर आरसा धरल्यासारखं. एसी बंद केल्या केल्या काच पांढरी होते ती म्हणून. आणि वर तो गोल बाण, गाडीतलीच हवा गाडीत फिरवायचा, तो लागलेला असणार. होता का नव्हता ते आठवा.

तर घाटात करायचं ते एवढंच. समोरच्या काचेचं बटण. बऱ्याच गाड्यांत ते दाबलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप लागते, पण दिवा बघून खात्री करा. गोल बाण बंद. पंखा मध्यम. आणि आकडा २५-२६. एसी चालू, पण थंडी नको. घाट उतरत आलात की झोत काचेवरनं काढून छातीवर-पायावर घ्या, आकडा खाली आणू नका. पोफळीत काच पांढरी होणार नाही, आणि आईची शाल पिशवीत राहील.

चिपळूणची_लेक:

गोल बाण होता!! आमच्या जुन्या गाडीत तो बारा वर्षं दाबलेलाच होता, ट्रकचा धूर नको म्हणून. इथे पण पहिल्या दिवशी दाबला तो दाबला.

पण एक कळलं नाही. एसी चालू आणि आकडा २६. मग गाडी आधी थंड करणार आणि मग गरम करणार? हे म्हणजे भांडं घासून परत राखेत लोळवल्यासारखं. पेट्रोलचं काय?

गारगोटीकर:

ताई, धुणं आधी पिळतो आणि मग उन्हात घालतो, तसं. कॉइल हवा पिळते. पुढं हिटरची जाळी असते, तिच्यातनं इंजिनचं गरम पाणी फिरत असतंय. मधी एक झडप. २६ लावलं की झडप थोडी हवा हिटरवरनं नेते. कोरडी पण ऊबदार हवा काचेवर गेली की वाफ आणखी लवकर जाते, कारण ऊबदार हवा जास्त ओल पोटात घेते.

हिटरला पेट्रोल लागत नाही. ते पाणी इंजिननं तापवलेलंच असतंय, नाहीतर रेडिएटरमधनं वाऱ्यावर सोडून द्यायचं. पेट्रोल खातो कॉम्प्रेसर. आणि साध्या कॉम्प्रेसरच्या गाडीत २४चं २६ केल्यानं तो काही फार दमायचा थांबत नाही, नुसती झडप हलते. नव्या काही गाड्यांत कॉम्प्रेसर स्वतःचा जोर कमी-जास्त करतो, तिथं थोडं वाचतं. पण घाटात काच दिसत नसताना पेट्रोलचा हिशोब करू नका.

आता तुमचा जोडप्रश्न. मला एक सांगा. डॅशबोर्डवर, अगदी समोरच्या काचेला लागून, हरभऱ्याएवढी काळी टेंगूळ हाय का बघा. आणि तिच्यावर काय ठेवलंय?

चिपळूणची_लेक:

आत्ता खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात बघून आले.

गणपती.

खाली लाल मखमलीचं आसन, त्याच्याखाली दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी. गाडी घेतली त्या दिवशी आईने स्वतः बसवलाय. आसन उचकटून बघितलं तर टेंगूळ बरोब्बर मधोमध.

गारगोटीकर:

मग झालं. आठवड्यातनं एक गणपती, नाहीतर एक साईबाबा, नाहीतर पार्किंगच्या पावत्या. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडं ‘गॅस भरा’ म्हणून येतंय.

ते टेंगूळ उन्हाचा डोळा असतोय. ऊन अंगावर पडलं की हवा २४ असूनही माणसाला उकडतं, हे गाडीला कळावं म्हणून. डोळ्यानं ऊन पाहिलं की ऑटो पंखा वाढवतो, झोत जास्त गार करतो. तुमच्या गाडीत डोळ्यावर मखमल. तिच्या लेखी कायम रात्रच. म्हणून रात्री २४ बरोबर आणि दुपारी नाही. सगळ्या गाड्यांना हा डोळा नसतो, तुमच्याला हाय म्हणून सांगतो.

दुसरा एक असतोय आतल्या हवेचा. स्टिअरिंगच्या आसपास बोटभर रुंदीची बारीक जाळी. गाडी चालू असताना तिच्यापुढं टिश्यू पेपरचा चिटोरा धरा, जरासा ओढला जाईल. नसला ओढला जात तर धूळ बसलीय. या दोघांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या जिवावर ऑटो चालतो. त्यांना आंधळं करून ठेवलं तर तो तरी काय करणार?

आणि गॅसचं एकदाच लिहून टाकतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत फिरत असतोय. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय, आधी गळती शोधायची. छोट्या गाडीत तो असतोय ४००-४५० ग्रॅमच्या आसपास, नेमका आकडा बोनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. ‘दरवर्षी गॅस टाकून घ्या’ म्हणणारा तुमच्या एसीचा नाही, स्वतःच्या घरच्या एसीचा विचार करतोय. जास्त भरला तरी थंडावा कमीच होतोय, हे पण ध्यानात ठेवा.

वऱ्हाडी_ऊन:

राजेहो, तुमचं पावसाचं होऊ द्या, आमच्या नागपूरचं पण लिहितो, कोणाच्या तरी कामी पडेल. मे महिन्यात इथे ४५ च्या वर पारा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सावली नाही. सहा वाजता गाडी उघडतो तं भट्टी. स्टिअरिंगले हात लावायले दुपट्टा लागते.

मी आधी काय करत होतो? आत बसलो, दार लावलं, ‘लो’, पंखा फुल, गोल बाण. दहा मिनिटं घाम पुसत बसायचं. मग आमच्या मोठ्या बाबांनी शिकवलं. आत बसायच्या आधी डावीकडली मागची काच खाली करायची आणि उजवीकडलं पुढचं दार चार-पाच वेळा पंख्यासारखं हलवायचं. आतली सगळी तापलेली हवा भसकन बाहेर. लोकं हसतात, हसू द्या. मग एसी लावून, काचा अर्ध्या उघड्या ठेवून गाडी चालू पडायची. सदरहून निघालो तं पहिला सिग्नल येईस्तोवर काचा उघड्या, मग बंद, आणि मग गोल बाण. काहून का बाहेरची हवा ४५ आणि आतली तोवर ३८ झालेली असते, थंड करायले आतलीच सोपी. झोत तोंडावर नाही, छताकडे. गार हवा जड, ते आपोआप खाली येते, मागच्यालेही मिळते.

आणि ‘लो’ केल्यानं लवकर गार होते हा भ्रम आहे भौ. ऑटोमध्ये २४ लावलं तरी सुरुवातीले ते पूर्ण जोर लावतेच. घरचा फ्रिज कसा, दहा वेळा दार उघडून पाह्यल्यानं बर्फ लवकर होते का?

आता उलट गोष्ट. समृद्धीवर गोल बाण लावून जाऊ नका. मागच्या डिसेंबरात नागपूरहून नाशिककडे निघालो, पाच जणं, बाण लागलेला. रस्ता सरळ, वळण नाही, गाव नाही. अडीच तासात चौघं झोपले आणि मले पण डोळ्यावर झापड. वाटलं रात्रीचं जागरण असंन. टोलनाक्यावर काच खाली केली तं दोन मिनिटांत टवटवीत. पाच जणांनी सोडलेला श्वास तोच तोच घेत होतो आम्ही, दुसरं काय. तेव्हापासून अर्ध्या तासानं बाण बंद म्हणजे बंद.

माणगावला_अडकलेला:

वाचतोय. गणपतीला दरवर्षी मुंबईहून निघतो आणि माणगावात दोन-तीन तास हलत नाही. बाजूला डिझेल गाड्यांचा धूर. अशा वेळी एसी चालू ठेवल्याने गाडी गरम होते का? गेल्या वर्षी आमचा एसी मध्येच कोमट वारा द्यायला लागला आणि बायको म्हणाली घरी बसलो असतो तर बरं.

गारगोटीकर:

उभ्या गाडीत एसी कोमट पडणं बिघाड नव्हे. इंजिन हळू फिरतंय म्हणून कॉम्प्रेसर हळू, आणि एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला चालत्या गाडीचा वारा नाही, नुसत्या पंख्यावर भागवायचं. गाडी हलली की परत गार होतोय का बघा. होत असला तर विसरा. धूर असला की गोल बाण लावा, तो त्यासाठीच असतोय. रांग सुटली की काढा.

तापमानाचा काटा मात्र बघत राहा. काटा नेहमीच्या जागेवरनं वर सरकायला लागला तर एसी बंद, काचा खाली, आणि हिटर पूर्ण गरम, पंखा फुल. घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता तुमच्या पायावरनं बाहेर जाते. कडेला जागा मिळेपर्यंत तेवढा दम निघतोय.

दहाचाकी:

यात माझी एक भर. ढाब्यावर, नाहीतर घरच्या बंद पडवीत गाडी उभी करून, काचा लावून, इंजिन-एसी चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. झोप आली तर इंजिन बंद, काचा दोन बोटं खाली, डास चावले तर चावू द्या. तंबाखूची चेष्टा करा, याची करू नका.

वाचकमात्र:

शेव्हिंग फोम आतून लावून पुसला की वाफ धरत नाही असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. कुणी केलंय?

गारगोटीकर:

मी केलंय. चार-पाच दिवस चालतंय, मग परत. आणि नीट पुसला नाही तर रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर फुलझडीसारखा फुटतोय. त्यापेक्षा काच आतनं स्वच्छ पुसा. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापून त्याचा तेलकट थर आतल्या काचेवर बसतो, त्याच्यावर वाफ लवकर धरते. लोक महिन्यातनं चारदा गाडी बाहेरनं धुतात आणि काचेची आतली बाजू दिवाळीला.

चिपळूणची_लेक:

राखी पौर्णिमेला परत गेले होते. हिशोब देते.

या खेपेला घाटात पाऊस मागच्याहून जास्त. हेळवाकच्या आधीच काचेचं बटण, गोल बाण बंद, आकडा २५. भजी टपरीवर उभं राहून खाल्ली. छत्र्या डिकीत टाकल्या. घाटात एकदा डाव्या कोपऱ्यात वीतभर वाफ आली. मुलाने बोटाने रेघ ओढून जाहीर केलं, ‘आतली.’ पंखा एक घर वाढवला, गेली. पोफळीत मी मुद्दाम गंमत म्हणून झोत काचेवर तसाच ठेवून ‘लो’ केलं. सांगितलं होतं तसंच, बाहेरून पांढरी. झोत पायावर घेतला, २६ केलं, वायपर दोनदा फिरवला, संपलं. भावाला मागच्या सीटवर बसवून हे सगळं करून दाखवलं. तो म्हणाला, ‘मी तेच म्हणत होतो, थंड नको.’ म्हणू दे.

गणपतीचं प्रकरण जड गेलं. आईला म्हटलं जरा डावीकडे सरकवते. तर म्हणाली बसवलेला गणपती असा ढकलत नाहीत. मग मीच डोळ्याची गोष्ट सांगितली, गाडीला ऊन दिसत नाही म्हणून. आई थोडा वेळ बघत राहिली त्या टेंगळाकडे. मग म्हणाली, ‘अगं, मग आधी सांगायचं ना, त्यालाही उगाच कुणाच्या डोळ्यावर बसवलं आपण.’ संकष्टीला आरती करून, गूळखोबरं ठेवून, चार बोटं डावीकडे. मखमल तीच. काल दुपारी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडले, ऊन थेट समोरून, आणि पंखा आपणहून वाढला. मी आकड्याला हात लावला नाही.

एकच राहिलं. महिना झाला तरी एसी लावला की पहिलं मिनिटभर एक वास येतो. मुलगा म्हणतो भज्यांचा. मला वाटतं ओल्या फडक्याचा.

गारगोटीकर:

डाव्या बाजूच्या खणाच्या मागं एसीचा फिल्टर असतोय. खण दोन्हीकडनं दाबून खाली पाडा, फिल्टर सरकवून काढा आणि हुंगा. फडक्याचा वास आला तर बदला, आणि घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवत जा, कॉइल सुकते. पाऊस असला तर काच बघून करा.

कांद्याचा आला तर फिल्टर बदलून भागणार नाही, सीट धुवा.